'एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल'ला मराठीत काय म्हणावे?

कर्करोगाच्या लवकर निदानावर लेख लिहिते आहे. रक्त, लघवी, लाळ यांतून पेशींनी बाहेर सोडलेल्या व्हेसिकल मिळवायच्या आणि त्यांत गाठीचा माग शोधायचा, असा विषय. 'पेशीबाह्य पुटिका' कसा वाटतो? की सरळ 'एक्झोसोम' लिहू? आणि 'आयसोलेशन'ला 'विलगीकरण' चालेल का?

—

'एक्झोसोम' सरसकट नको. पेशीच्या आतल्या कप्प्यात तयार होऊन बाहेर पडतात तेवढेच एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. पेशीपटलालाच फुगवटा येऊन सुटणाऱ्या पुटिका वेगळ्या. त्यांतल्या लहान पुटिका आकाराने एक्झोसोमएवढ्याच भरतात, त्यामुळे नमुन्यातली कोणती कुठून सुटली हे बहुधा सांगता येत नाही.

'पुटिका' मात्र जरूर वापरा. संस्कृत 'पुट'मधूनच आपली 'पुडी' आली, आणि पुडी म्हटली की आत काहीतरी बांधलेले आहे हे आलेच. इथे सगळे महत्त्व त्यालाच आहे: बाहेर लिपिडांचे दुपदरी आवरण, आत मूळ पेशीची प्रथिने आणि आरएनए. आवरण असल्यामुळेच रक्तातली विकरे त्या आरएनएचा फडशा पाडू शकत नाहीत. 'बुडबुडा' म्हटले की हा ऐवजच नाहीसा होतो.

'विलगीकरण' म्हटल्यावर आता रुग्णच डोळ्यांसमोर येतो. 'वेगळ्या काढणे' पुरेसे आहे. पद्धतीगणिक क्रियापद बदलले तर आणखी चांगले. १,००,००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट बलाने फिरवून तळाशी बसवतात, तिथे 'साका' हा आपला शब्द तयारच आहे. प्रतिपिंडांनी पुटिकेच्या पृष्ठभागावरची सीडी६३सारखी प्रथिनाची खूण ओळखून धरतात, ते 'वेचणे'. सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे स्तंभातून, नमुना सोडतात, त्याला मात्र 'गाळणे' म्हणू नका. गाळणीत मोठे कण मागे राहतात. इथे लहान प्रथिने मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळतात आणि मोठ्या पुटिका आधी बाहेर पडतात.

—

'पेशीबाह्य' मला खटकतो. त्यात 'पेशीने बाहेर सोडलेली' हा अर्थ कुठे आहे?

—

नाही, हे खरे. पण 'पेशीबाह्य द्रव' रुळलेला आहे, त्याच्या जोडीला हा वाचकाला लगेच कळतो. पहिल्या उल्लेखात 'पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पुड्या' असे सांगून टाका, पुढे 'पेशीबाह्य पुटिका' लिहा.

—

पटले. 'साका' आणि 'वेचणे' दोन्ही घेते. स्तंभाचा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल, तिथे मी 'गाळून' असेच लिहिले होते.