शब्दचर्चा : ‘बॅकमास्किंग’ला मराठीत काय म्हणावे?

रॉक गाणे उलटे वाजवले की ऐकू येतात, अशी त्यात दडवलेली म्हणून सांगितली जाणारी वाक्ये म्हणजे ‘बॅकमास्किंग’. त्यांना ‘विलोम संदेश’ म्हणावे, अशी सूचना आली आहे. शब्द सुरेख आहे, तरीही मला तो पटत नाही, आणि त्याचे कारण वाल्मीकींच्या कथेत सापडते. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ झाले ते अक्षरांची जागा बदलल्यामुळे. ‘चिमा काय कामाची’ हे उलटसुलट सारखेच वाचले जाणारे विलोमवाक्यही अक्षरांवरच उभे आहे. ध्वनिफितीला अक्षर ठाऊक नसते, ती स्वर आणि व्यंजने सुटी करून उलटवते. म्हणून ‘राम’ मुद्रित करून उलटा वाजवला, तर ‘मरा’ नव्हे, ‘मार’च्या जवळचे काहीतरी ऐकू येते, आणि आपली चिमा ‘ईचामाक्याकामिच्’ होऊन ओळखेनाशी होते. ‘विलोम’ने नेमका हाच फरक पुसला जातो.

‘संदेश’ या शब्दाला माझा अधिक आक्षेप आहे, कारण संदेश म्हटला की धाडणारा गृहीत धरला जातो. काही गाण्यांत तो खरोखरच असतो. बीटल्सच्या 1966 मधील ‘रेन’च्या शेवटी लेननचा आवाज मुद्दाम उलटा जोडलेला आहे, पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ (1979) या संग्रहातील ‘एम्प्टी स्पेसेस’मध्ये तर गुप्त संदेश शोधल्याबद्दल श्रोत्याचे अभिनंदनच उलट्या आवाजात केले आहे. अशा ठिकाणी ‘उलट ध्वनिमुद्रण’ हा साधा शब्द पुरेसा आहे.

लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ची गोष्ट वेगळी. त्यात सैतानाची स्तुती असल्याच्या आरोपावरून 1982 मध्ये ते गाणे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या एका समितीपुढे उलटे वाजवले गेले. त्यानंतर 1990 मध्ये नेवाडातील रीनो येथे जुडास प्रीस्ट या रॉक बँडवर खटला चालला. 1985 मध्ये दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली होती. गाण्यातील छुप्या ‘डू इट’ने त्यांना प्रवृत्त केले, असे त्यांच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी ते शब्द हेतुपुरस्सर घातलेले नसून निरनिराळ्या ध्वनींच्या योगायोगाने तसे ऐकू येतात, असा निष्कर्ष काढून दावा फेटाळला. ज्या घरांतली मुले गेली त्यांच्या दुःखाविषयी मनात आदर ठेवूनही म्हणावेसे वाटते, की येथे ‘संदेश’ हा शब्द वापरणे म्हणजे निकालाआधीच दोष ठरवणे होय.

कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाच्या व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. उलटे वाजवलेले बोलणे पुरुषाचे की स्त्रीचे, हे श्रोत्यांना ओळखता येत होते, अर्थ मात्र लागत नव्हता; पण काय ऐकायचे ते आधी सांगितले, की तेच शब्द त्यांना ऐकू येत. वेदान्तातला रज्जुसर्प असाच असतो: दोरी खरी, साप भासलेला. म्हणून या दुसऱ्या प्रकाराला मी ‘श्रवणभास’ म्हणेन. ‘श्रुतिभास’ही सुचला होता, परंतु ‘श्रुती’ला आपल्या संगीतात आधीच नेमका अर्थ आहे.

वाक्यात क्रियापदही आपोआप बदलते, ते पाहावे: ‘रेन’मध्ये उलट ध्वनिमुद्रण आहे, ‘स्टेअरवे टू हेवन’ उलटे ऐकताना काहींना सैतानाच्या नावाचा श्रवणभास होतो.