रोजचा फोन हवाच असे नाही
युद्ध सुरू असलेल्या देशातील माजी खेळाडूच्या घरच्यांना प्रशिक्षकाने रोज फोन करून खुशाली विचारावी, हे मत मला अर्धेच पटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा शाख्तार दोनेत्स्क या युक्रेनच्या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक रोबेर्तो दे झेर्बी कीवमधल्या हॉटेलात अडकले होते आणि त्यांचे ब्राझिलियन खेळाडू बायकामुलांसह तिथेच होते. तिथली विचारपूस समोरासमोरची होती. दूरच्या प्रशिक्षकाचे तसे नसते. वीज जाते, मोबाइलची बॅटरी पुरवून वापरावी लागते आणि दर फोनला ‘आम्ही बरे आहोत’ म्हणत राहण्याचे खेळाडूच्या आईला ओझेच होते. त्यापेक्षा ‘उत्तराची घाई नाही’ असे स्पष्ट लिहिलेला छोटा निरोप ठरावीक वारी पाठवावा. मुलगा युद्धाच्या आघाडीवर असेल तर त्याची तुकडी किंवा ठिकाण चुकूनही विचारू नये आणि त्याचे आलेले फोटो (कौतुकापोटीसुद्धा) संघाच्या ग्रुपवर टाकू नयेत. धाकट्या भावंडाला परदेशातील क्लबमध्ये सरावाची सोय पाहणे, त्यासाठी शिफारसपत्र लिहिणे, ही कामे मात्र प्रशिक्षकाच्याच हातची आहेत; कुटुंबाने मागण्याची वाट न पाहता त्यांची तयारी आपणहून दाखवावी.