गोदी आपली, गोदाम परक्याचं?

खाडीकाठ:
एका सल्लागारांनी लिहिलंय की कोकणातल्या शिपयार्डनी फक्त जहाजं बांधावीत. स्टोअर, गोदाम, वाहतूक सगळं बाहेरच्या कंपनीला द्यावं, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठी शेड घ्यावी आणि रोज लागेल तेवढाच माल यार्डात आणावा. माझी उभी नोकरी यार्डच्या स्टोअरमध्ये गेली, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

प्रत्येक पोलादी प्लेटवर हीट नंबर, म्हणजे ती ज्या ओतीतून आली तिचा क्रमांक, असतो. तो मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटशी जुळावा लागतो आणि प्लेट कापल्यावर उरलेल्या तुकड्यावर तोच पुन्हा घालावा लागतो. नंबर गेला की जहाजाची तपासणी करणारा सर्व्हेअर तो तुकडा जहाजाला लावू देत नाही, चांगलं पोलाद भंगाराच्या भावात जातं. वेल्डिंगचे लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड ओव्हनमधून कधी निघाले, परत आलेले किती वेळा भाजले, याची नोंद लागते. अल्टरनेटर पेटीत पडून असला तरी त्याचा हीटर चालू हवा, गिअरबॉक्सचा शाफ्ट ठरल्या मुदतीत फिरवायला हवा. आपल्या खाऱ्या हवेत यात कुचराई झाली तर यंत्र जहाजावर चढण्याआधीच गंजतं. टनामागे दर लावून आलेला कंत्राटदार हे करेल? ट्रेलर बाहेरचे घ्या, हायड्रा क्रेन भाड्याने आणा, माझी हरकत नाही. माल इश्यू करणारा माणूस मात्र यार्डचाच हवा.

प्लॅनिंगवाला:
काका, तुम्ही चांगल्या स्टोअरचं वर्णन करताय. मी काम केलं त्या यार्डात व्हॉल्व्ह पावसात भिजत, केबलचे ड्रम गवतात, आणि फॅब्रिकेटरची पोरं स्लिप न देता हवं ते उचलून नेत. पाइप जोडायच्या फ्लँज चकत्या सापडेनात म्हणून ब्लॉक, म्हणजे जहाजाचा जोडायचा भाग, अडला, नवे मागवले, मग जुने पाइपच्या ढिगाखाली मिळाले. गोदाम बाहेर दिल्यावर एकेका ब्लॉकचं सामान यादीसकट एका पॅलेटवर येऊ लागलं. शिवाय पाण्याकाठची जागा मोलाची, तिथे ब्लॉक जोडायचे की पाइप रचायचे? एक ऑर्डर संपून दुसरी येईपर्यंत स्टोअरच्या माणसांना बसवून पगार कोण देणार?

गुहागरकर:
"रोज लागेल तेवढा" हे ज्यांनी लिहिलं त्यांनी पावसाळ्यात हा मुंबई-गोवा हायवे पाहिलाय का? चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. 2022 मध्ये लोटे आणि चिपळूण यांच्यामधला परशुराम घाट कामासाठी दुपारी बंद ठेवायचे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा कुठली शेड आणि कुठला ट्रेलर? लोट्याहून निघालेली प्लेट परशुरामाच्या वर अडकली तर वेल्डर इथे हात बांधून बसणार.

घाटमाथा:
कोकणातला कुठलाही विषय शेवटी हायवेवर येऊन थांबतो. रेल्वे आहे की. कोकण रेल्वेची रो-रो 1999 पासून चालतेय, ट्रकच्या ट्रक चढवून नेतात.

गुहागरकर:
चढवतात कोलाडला, उतरवतात गोव्यात वेर्ण्याला! मधल्या रत्नागिरी जिल्ह्याने ते ट्रक फक्त जाताना बघायचे. आणि मापाबाहेरचा माल तिच्यावर बसतच नाही. तो रस्त्यानेच येणार, ई-वे बिलाच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या सरकारी परवान्याच्या, मुदतीत त्याला दिवसाला 20 किलोमीटर धरतात, साध्या मालाला 200. सरकारलाही माहीत आहे तो कसा सरकतो ते. घाटावर बसून आम्हाला शिकवू नका.

घाटमाथा:
घाटावर बसून नाही, तुमच्याच रस्त्यावर गाड्या चालवून बोलतोय. इंदापूर-माणगावच्या कोंडीत माझेही ट्रेलर रात्र रात्र उभे राहिलेत आणि डिटेन्शनचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे, पैसे यार्डने कापले. पंधरा वर्षं तेच रडगाणं ऐकतोय, रस्ता झाल्यावर तरी तुमच्या यार्डात माल वेळेवर उतरवून घेणार का ते सांगा. तुमच्या गेटवर ट्रेलरला दुपार जाते, हमाल मिळत नाहीत.

देवगडचो:
रस्तो रस्तो काय करतास? विजयदुर्गाजवळच्या गिर्याच्या गोदीत मराठ्यांची जहाजा बांधली जायत तेव्हा खयचो हायवे होतो? समोर समुद्र आसा, बार्जान आणा.

खाडीकाठ:
पावसाळ्यात आणणार? तेव्हा लहान बार्जला समुद्र बंद, आणि खाडीच्या मुखाशी गाळ. म्हणजे पावसाळ्याचा माल मे महिन्यातच यार्डात भरून ठेवावा लागणार. बार्ज आली तर यार्डातलं स्टोअर आणखी मोठं लागेल, लहान नाही.

हुक_आणि_साखळी:
हमाल मिळत नाहीत म्हणणाऱ्यांना माझं उत्तर. माथाडी कायदा 1969 चा. नोंदणीचे हमाल घेतले की मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (टक्केवारीची वर्गणी) माथाडी मंडळात भरावी लागते, ती चुकवायची म्हणून बाहेरच्या कंपनीच्या आडून रोजंदारीची माणसं आणतात. आमच्या गावातल्या पोरांनी यार्डासाठी बापजाद्यांच्या जमिनी जाताना पाहिल्या आणि आता स्टोअरची नोकरीही लोट्याला जाणार? खर्च कमी झाला म्हणता तो याच पोरांच्या पोटातून कमी झाला.

प्लॅनिंगवाला:
जमिनीचा राग माझ्यावर का काढता? गावातल्या माणसांना कामावर घेण्याची अट करारात घालता येते, आम्ही घातली होती.

हुक_आणि_साखळी:
घातली असेल. पाळली का? तेवढंच सांगा.

प्लॅनिंगवाला:
पहिलं वर्ष पाळली. नंतर कंत्राट बदललं. तुमचा हा मुद्दा मला खोडता येत नाही.

खाडीकाठ:
मग माझाही एक खोडून दाखवा. यार्डचे पैसे अडकतात हे नवीन नाही. दाभोळ आणि मिऱ्याला यार्ड असलेली भारती शिपयार्डसारखी मोठी कंपनी 2019 साली अवसायनात गेली. जहाज अर्धं असताना गोदामवाल्याचं बिल थकलं आणि त्याने शेडला कुलूप लावलं तर? इंजिन जहाजमालकाने पैसे भरून आणलेलं, अडवणारा तिसराच.

प्लॅनिंगवाला:
त्यासाठी करारात माल अडवायचा हक्क आधीच काढून घ्यायचा, आणि मालकाने दिलेली यंत्रं यार्डाबाहेर ठेवायचीच नाहीत. इलेक्ट्रोड आणि प्लेटा आत ठेवा, मान्य. पाइप, फर्निचर, इन्सुलेशन, रंगाचे डबे यांच्यासाठी मात्र पाण्याकाठची जागा मी देणार नाही.

खाडीकाठ:
रंगाचे डबे न्या. त्यांचीही मुदत संपते, ती बघायला माणूस ठेवा. पाइप नाही. पाइपवरही हीट नंबर असतो.

गुहागरकर:
आणि ते डबे तरी येणार कुठल्या रस्त्याने?