मदत हवी आहे : नागपूर महालातला आमचा जुना वाडा शोधायचाय

नमस्कार मंडळी. आम्ही हिंगणघाट तालुक्यातले, शेतकरी. पण आजीचं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात गेलं. नागपूर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं तेव्हा, म्हणजे १९५६च्या आधी, पणजोबांनी तो विकला आणि इकडे कपाशीची जमीन घेतली. का विकला, यावर घरात तीन मतं आहेत. ते राहू द्या.

आजी आता थकली आहे, पण वाड्याचं विचारलं की बसते उठून. सागवानी खांब, चौकातली विहीर, माडीवर जायचा अंधारा जिना. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच माडीच्या खिडकीतून काळी-पिवळी मारबत (मिरवणुकीतले मोठे पुतळे) दिसायची आणि पोरं ओरडायची, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ बडकस चौक जवळ होता म्हणते. गल्लीचं नाव मात्र दर वेळी वेगळं सांगते.

कागद एकच सापडला, घरटॅक्सची पावती. घर नंबर वाचता येतो, पण तो नगरपालिकेच्या काळचा, महानगरपालिका १९५१ची. जुन्या नंबरावरून आजचा नंबर कुठे जुळवून मिळतो? नगर भूमापन कार्यालयात जुन्या मालकाच्या नावाने आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) शोधू देतात का, की सिटी सर्व्हे नंबर लागतोच?

मालकी हक्काचा विषय नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर आत्ताचे मालक दारच उघडणार नाहीत. महालात कोणी राहत असाल तर मारबतीच्या वाटेवरच्या जुन्या माड्यांचे फोटो टाका, आजीला दाखवतो.