गोरोंगोरोतून मसाईंना हलवणं: जंगल वाचवायला की जमीन काढून घ्यायला?

सफारीवेडा_ठाणे:
फेब्रुवारीत टांझानियाला जाऊन आलो. गोरोंगोरोच्या कड्यावरच्या लॉजमधून खाली विवर बघत चहा पीत होतो, आमचा ड्रायव्हर स्वतः मसाई, म्हणजे तिथल्या गुरं राखणाऱ्या जमातीचा, त्याने बोट दाखवून सांगितलं की तिथं खाली आजोबांची वस्ती होती, १९७४ ला सगळ्यांना वर हाकललं, आणि आता वरूनही काढायचं चाललंय, जवळपास सहाशे किलोमीटर लांब हांडेनी जिल्ह्यात म्सोमेरा गावी. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. ज्या कड्यावर मसाईची गुरं नकोत तिथं आमच्यासाठी लॉज कसा चालतो? मला ही सरळसरळ जमीन काढून घेणं वाटतं.

रानवाट:
अजिबात पटलं नाही. १९५९ ला गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र म्हणून वेगळं काढलं तेव्हा तिथं साधारण आठ हजार मसाई होते, आज लाखाच्या घरात आहेत. जागा तेवढीच, ८,२९२ चौरस किमी. शेजारच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातले विल्डेबीस (कळपाने फिरणारी मोठी हरणं) जानेवारी-फेब्रुवारीत ह्याच आखूड गवताच्या मैदानांवर वितात, ती मैदानं चरून संपली तर पुढचं सगळं स्थलांतरच कोलमडेल. शिवाय म्सोमेराला बांधलेलं घर आहे, शेतीला पाच एकर आहे, शाळा आहे. सरकार म्हणतंय जाणारे स्वेच्छेने जातायत. भावनेपेक्षा आकडे बघा.

अरुशाकर:
चौदा वर्षं इकडे टांझानियात आहे म्हणून बोलतो. विण्याच्या दिवसांत मसाई स्वतःच गुरं त्या मैदानांवरून लांब नेतात, कारण विल्डेबीसच्या नव्या वासरांपासून गायींना जो रोग होतो त्यात गाय वाचत नाही. म्हणजे मैदान कोणाचं कधी, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. पण त्यासाठी बाकीच्या वेळी वरची कुरणं लागतात, आणि विवरात गुरं न्यायला आता बंदी. मग उरलेल्या जागेत गर्दी होणारच ना?

आणि मूळ गोष्ट विसरू नका. १९५८ मध्ये मसाई म्हाताऱ्यांनी सही करून सेरेंगेटी सोडलं ते बदल्यात गोरोंगोरो मिळेल ह्या शब्दावर. १९५९ ला ब्रिटिश गव्हर्नरने त्यांना सांगितलेलं की प्राणी आणि माणूस ह्यांच्यात कधी वाद आला तर माणूस आधी. एकदा जागा सोडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ऊठ म्हणताय.

रानवाट:
शब्द दिला तो ठीक, पण आठ हजारांना दिलेला. लोकसंख्येचं काय, ते कोणीच सांगत नाहीये.

मेळघाटची_लेक:
दादा, लोकसंख्या वाढली हे खरंच आहे. पण "स्वेच्छेने" ह्या शब्दावर माझा विश्वास नाही. आमच्या आजोळचं गाव व्याघ्र प्रकल्पातून बाहेर आलं, घरटी दहा लाख मिळाले, मामाने सही स्वतःच केली. पण त्याआधी रस्ता होत नव्हता, लाईट येत नव्हती, मास्तर यायचा बंद झालेला. असं दोन-चार वर्षं चाललं की कोणीही सही करतो. बाहेर आल्यावर चारायला रान नाही म्हणून गुरं विकली. आपल्याकडे निदान २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेची संमती लिहिलेली आहे, भांडायला तेवढा तरी कागद.

अरुशाकर:
ताई, इथं अगदी तसंच झालं. २०२२ ला गोरोंगोरोतल्या शाळा-दवाखान्यांचा निधी हांडेनीकडे वळवला. आणि इथली जमीन कायद्याने राष्ट्रपतींच्या ताब्यात, विश्वस्त म्हणून, त्यामुळे एका सहीने गावाचं राखीव क्षेत्र होतं. शेजारच्या लोलिओंदोत जून २०२२ ला पोलिसांनी १,५०० चौरस किमीला खांब रोवले, गोळीबार झाला, लोक पळून केनियात गेले. त्या पट्ट्यात एका अमिराती कंपनीला १९९२ पासून शिकारीचा परवाना आहे. गाय चरली तर जंगल मरतं आणि बंदुकीने शिकार केली तर चालतं, हे मला तरी कोणी समजावून सांगावं.

रानवाट:
लोलिओंदोत एक पोलीसही मेला, तेही लिहा. शिकारीचं समर्थन मी करत नाही, निधी तोडणंही चूकच. पण लाखाचे दोन लाख झाल्यावर त्याच गवतावर काय करायचं, ह्याचं उत्तर मसाईंसोबत बसूनच काढावं लागेल आणि त्यात काहींना बाहेर पडावं लागेल असं मला अजूनही वाटतं.

अरुशाकर:
बसून, हेच तर ते मागतायत. ऑगस्ट २०२४ ला इथल्या गावांची नोंदणीच रद्द केली, हजारो लोक रस्त्यावर बसले, सफारीच्या गाड्या अडल्या, मग अरुशा शहरातल्या कोर्टाने स्थगिती दिली. डिसेंबरमध्ये राष्ट्रपती सामिया त्यांना भेटल्या आणि दोन आयोग नेमायचं कबूल केलं.

सफारीवेडा_ठाणे:
आज ड्रायव्हरला मेसेज करून विचारलं. त्याच्या थोरल्या भावाने म्सोमेराला जायला होकार दिलेला. तीन बायका, तिघींची वेगळी घरं होती, तिकडे सगळ्यांना मिळून एक घर मिळालं. शेतासाठी जी जमीन दाखवली तिच्यावर आधीपासून राहणारे लोक हक्क सांगत होते. दोघी मुलांना घेऊन परत आल्यात, सध्या ह्याच्याच घरी राहतायत.