मदत हवी आहे: ओपनएससीएडीत ठोकळ्याच्या आतली भोकं एकमेकांना कापतात का, हे कसं बघायचं?

नमस्कार मंडळी. अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. पॅनलच्या पट्ट्यांना भोकं पाडायच्या ड्रिल जिग (ड्रिल नेमक्या जागी धरणारे ठोकळे) मी ओपनएससीएडीत, म्हणजे कोडमधून थ्रीडी आकार बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कोड लिहून थ्रीडी प्रिंटरवर काढतो. सध्याचा ठोकळा ६० × ४० × २० मिमीचा. वरून ८ मिमीची दोन बुशची (ड्रिलला वाट दाखवणाऱ्या नळीची) भोकं, बाजूने एम५ बोल्टसाठी ५.५ मिमीचं एक आरपार. दोन्हींच्या मध्ये २ मिमी भिंत हवी.

काल प्रिंट हातात घेऊन टॉर्च मारला, तर बुशच्या भोकाच्या आत डोळ्याच्या आकाराची फट. भिंतच फुटलीय. सहा तासांची प्रिंट वाया गेली आणि गिऱ्हाइकाला शुक्रवारी जिग द्यायचीय.

स्क्रीनवर हे कळतच नाही. ठोकळ्याला कलर देऊन अल्फा (अपारदर्शकता) ०.३ ठेवला, तरी आत ठेवलेली लाल पिन दिसेना. भोक कापणाऱ्या सिलिंडरपुढे % लावलं तर भोकच गेलं. २०२१ ची आवृत्ती आहे, एफ६ (पूर्ण रेंडर) दाबलं की रंगही उडतात. कोणी सांगेल का?

उत्तर:
दादा, रंग एफ५ च्या प्रीव्ह्यूपुरतेच धरा. पारदर्शक ठोकळा कोडमध्ये सगळ्यात शेवटी लिहा, पिन त्याच्या आधी. तो आधी काढला गेला तर मागचं झाकतो. % लावलेली वस्तू वजाबाकीतून बाहेर पडते, फक्त करडी सावली उरते. तुम्हाला # हवं: भोक पडतं आणि कापणारा सिलिंडर गुलाबी दिसतो.

पण दोन्हींना # लावलं तर गुलाबीत गुलाबी मिसळतं. त्यापेक्षा दोन्ही सिलिंडर इंटरसेक्शनमध्ये (फक्त सामाईक भाग ठेवणारी आज्ञा) टाका आणि त्याच्यापुढे ! लावा. बाकी सगळं नाहीसं होऊन फक्त टक्कर उरेल. बोल्टच्या सिलिंडरची त्रिज्या १.९९ मिमीने (भिंतीच्या २ मिमीपेक्षा जेमतेम कमी) वाढवून बघा, म्हणजे भिंतीचीही तपासणी होते. एफ६ ला काहीच उरलं नाही तर भिंत शाबूत.

मूळ प्रश्नकर्ता:
सापडलं! इंटरसेक्शनमध्ये चांगला जाड तुकडा उरला. अक्षांमधलं अंतर मी ४ अधिक २ असं ६ धरलं होतं, बोल्टच्या भोकाची २.७५ त्रिज्या मिळवायचीच राहिली. आता ८.७५ केलंय, एफ६ ला रिकामं येतंय. मनापासून आभार, दादा. प्रिंट लावलीय.