गाडगीळ सरांची नोंदवही आमच्या गावाला पुन्हा लिहिता येईल का?

प्रश्न : बालाघाटचा मेंढपाळ
मी बीड जिल्ह्यातला, गाव बालाघाटाच्या माळावर. यंदा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीत नाव आलं म्हणून आमची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, गवतं, जनावरं आणि त्यांची लोकांना असलेली माहिती लिहून ठेवायची वही, मागून घेतली. वाचून जीव तुटला. बाहेरच्या माणसांनी दोन दिवसांत भरलेली. साग आहे, बांबू आहे, पण पवन्या, मारवेल, कुसळी यातलं एकही गवत नाही. गायरानाला 'पडीक' लिहिलंय. त्याच गायरानावर आमच्या तीन पिढ्यांची मेंढरं जगली. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं नाव मी पश्चिम घाटाच्या अहवालापुरतं ऐकून होतो. नोंदवही त्यांचीच कल्पना हे आत्ता कळलं. मग ती अशी कशी? दुरुस्त करता येते का?

उत्तर : निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई
येते, दादा. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याचे पहिले नियम २००४ चे. नोंदवही स्थानिक लोकांना विचारूनच करायची, असं त्यात स्पष्ट आहे. ग्रामसभेत ठराव घ्या.

सरांनी हार्वर्डला पीएच.डी. केली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचं केंद्र उभारलं. पण मला त्यांचं बांबूचं काम सगळ्यात मोठं वाटतं. सत्तरच्या दशकात कर्नाटकात बांबू संपायला लागला, तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर आला. सर जंगलात जाऊन बघतात तर कागद गिरणीचे मजूर तोड सोपी व्हावी म्हणून बेटाभोवतीचं काटेरी आवरण छाटायचे, आणि उघडे पडलेले कोवळे कोंब गुरं खाऊन टाकायची. गावकऱ्यांना हे आधीच ठाऊक होतं. तुमच्या 'पडीक' शब्दाचं उत्तर यातच आहे.

उत्तर : वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, परभणी
काका, गवत फुलोऱ्यावर असल्याशिवाय नीट ओळखू येत नाही. भाद्रपद-आश्विनात माळ फिरा, गावातलं नाव आधी लिहा, शास्त्रीय नाव नंतर बघू. देवाच्या नावानं राखलेलं रान असेल तर त्याला वेगळं पान द्या. गाडगीळ सर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी देवराया अशाच गावोगाव हिंडून अभ्यासल्या. आणि ७२ च्या दुष्काळात माणसांनी काय खाल्लं, जनावरांना काय घातलं, ते म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच लिहून घ्या.

बालाघाटचा मेंढपाळ
काल रात्री आईजवळ वही घेऊन बसलो. एका बैठकीत पंधरा गवतं सांगितली तिनं, कोणतं व्यालेल्या मेंढीला घालायचं तेही. सोळाव्याचं नाव आठवंना, तर तशीच उठून शेजारच्या मावशीला विचारायला गेली.